मागचा डावा दिवा

आधीच सांगून टाकते. मी धुळ्यात गाड्यांच्या विम्याचे क्लेम तपासणाऱ्या ऑफिसात काम करते. 'गाडी उभी होती, आपोआप मागे आली' असं लिहिणारी माणसं माझ्या टेबलासमोर नेहमी येऊन बसतात आणि मी त्यांच्याकडे बघून गोड हसते. हँडब्रेक ओढला नव्हता, उताराची जागा होती, नाहीतर पोराने गिअरशी खेळ केला... काही ना काही निघतंच. भूतखेत, बाहेरची बाधा, करणी या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. नवरा अमावस्येला गाडीला लिंबू बांधतो त्यावरूनही मी त्याला चिडवायचे. आता चिडवत नाही, एवढाच काय तो फरक.

ही गेल्या वर्षीच्या अखाजीची गोष्ट. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरून ठेवायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, सांजोऱ्या आणि आमरसाचं ताट वाढायचं, निखाऱ्यावर घास टाकायचा. त्या घासाला आगारी म्हणतात. म्हणजे जिवंत लेकी आणि मेलेले पितर एकाच दिवशी घरी. लहानपणी मला हे फार गमतीचं वाटायचं.

माझं माहेर रावेरचं. आबांचा, म्हणजे वडिलांचा, केळीच्या ट्रकांचा धंदा होता. ट्रक निघायच्या आधी क्लीनरला मागे उभं करायचं, ड्रायव्हरने ब्रेक दाबायचा, क्लीनरने ओरडायचं 'लागला', ब्रेक सोडला की ओरडायचं 'विझला'. दिवे तपासायची ही साधी पद्धत. आबांनी ती घरच्या गाडीलाही लावली. पांढरी, डिझेलवर चालणारी जुनी गाडी. कंपनीचं नाव लिहीत नाही. घरच्या गाडीचा क्लीनर म्हणजे माझी आई.

रोज सकाळी कणकेचे हात तसेच घेऊन ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहायची. मागे कंपाउंडची भिंत, पुढे गाडी, मध्ये आई. आईचं माहेर नरडाण्याकडचं, तिची बोली अहिराणी. रावेरची बोली वेगळी. आबा चारचौघांत तिच्या 'शे'ची, म्हणजे 'आहे'ची, नक्कल करून लोकांना हसवायचे. तर 'लागला'ऐवजी ती म्हणायची, "लागना." मग म्हणायची, "विझना." सांगायला उशीर झाला, किंवा आवाज आबांना ऐकू आला नाही, की आबा गाडी रिव्हर्समध्ये टाकायचे. हळूच. इतकी हळू की आईला पळावंसंही वाटू नये. बंपर तिच्या गुडघ्याला टेकला की थांबायचे आणि आरशात बघून हसायचे. मी आणि भूषण, म्हणजे माझा धाकटा भाऊ, दप्तरं घेऊन ओट्यावर उभे असायचो. आबा आम्हालाही हसायला लावायचे.

आई कधी पुढच्या सीटवर बसली नाही. पुढची सीट रिकामी असली तरी तिने मागेच बसायचं, असा नियम होता. आणि माहेरी जायचं नाही, हा दुसरा. नाना मामा म्हणजे आईचा एकुलता एक थोरला भाऊ. त्याच्या मुलीच्या लग्नात आबांना दुसऱ्या पंगतीत बसवलं गेलं. एवढंच कारण. त्या दिवसापासून आईचं माहेर बंद. अखाजी आली की गल्लीतल्या बायका पिशव्या भरून एसटीला निघायच्या आणि आई दारातून बघत राहायची.

आबा गेले ते झोपेत गेले, मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात. चांगलं मरण आलं, असं लोक म्हणाले. मला त्या चांगल्या मरणाचाही राग आला होता, खरं सांगते. आईने सगळं रीतसर केलं, रडलीही. पण एक बदल माझ्या लक्षात आला. हयातभर ती नवऱ्याला 'त्या' म्हणायची, म्हणजे आपलं 'ते', मानाने. दिवस झाले आणि ती 'तो' म्हणायला लागली.

अखाजीच्या आधी मामाच्या मुलाचा फोन आला. मामा अंथरुणाला खिळलेला, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं, पण बोलणं शुद्धीतलं. फोन त्याच्या कानाला लावला. तो एवढंच म्हणाला, "मनी बहीणले लई या. लिंबाले झोका बांधी ठेवेल शे." म्हणजे माझ्या बहिणीला घेऊन या. सत्तरीकडे झुकलेल्या बहिणीसाठी म्हाताऱ्याने पोरांकरवी झोका बांधून घेतला होता. आई फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी धुळ्याहून रावेरला गेले. ठरवलं होतं की भाड्याची गाडी करू, सकाळी निघू. आई म्हणाली, "नही. मी त्यानीच गाडीमा जासू. पुढे बसीसन जासू." मी समजावून पाहिलं, की गाडी महिनोन्‌महिने उभी आहे, कशाला तो ताप. पण ती हटली नाही. तिच्या भावाला तिने त्या गाडीतून, पुढच्या सीटवरून उतरताना दिसायचं होतं. माझ्या आईने आयुष्यात मागितलेली ही एकच चैन. मी हो म्हटलं.

आता भूषणबद्दल. माझा भाऊ गुणी आहे, पण आबांचा धाक त्याच्या हाडांत मुरलेला आहे. आबा नसले तरी तो त्यांच्या खुर्चीत बसत नाही. अखाजीच्या सकाळी त्याने शेजारच्या प्रकाशभाऊंच्या गाडीवरून वायर जोडून इंजिन सुरू केलं आणि मला मागे उभं करून ब्रेक दाबला. उजवा दिवा लागला, डावा नाही.

"चल, तसंच जाऊ," मी म्हटलं. "दिवसाउजेडी जायचंय. कोण बघतंय?"

"नाही ताई. एक दिवा बंद असला तर गाडी गेटबाहेर काढायची नाही."

"हे कोण म्हणतं?"

कोण म्हणायचं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग तो बल्बच्या मागे लागला. लाल कव्हरचे स्क्रू काढले, कव्हर भिंतीवर ठेवलं. आतला बल्ब दुधाळ, काळपट पडलेला. हा बल्ब आत दाबून थोडा फिरवला की निघतो. हा निघेना. भूषणने फडकं गुंडाळून फिरवला, गंजावरचा स्प्रे मारला, थोडं थांबून परत फिरवला. काच कट्‌कन फुटली आणि पितळी बूड होल्डरमध्ये तसंच राहिलं. बोट थोडं कापलं. पकडीने धरायला गेला तर बूड आतल्या आत चेपायला लागलं. मला मोबाइलवर कुणीतरी कच्चा बटाटा खुपसून फुटका बल्ब काढताना पाहिल्याचं आठवलं. मी बटाटा अर्धा कापून आणला. बटाट्याचा कीस निघाला, बूड जागेवर. ओट्यावर सांजोऱ्या लाटता लाटता आई आमच्याकडे बघून हसली. नेसायला तिने नवं हिरवं लुगडं काढून ठेवलं होतं.

बारा वाजून गेले. मामाच्या मुलाचा परत फोन आला, म्हातारा दर थोड्या वेळाने विचारतोय की कुठपर्यंत आले. मी भूषणवर चिडले. म्हटलं, बल्ब गेला खड्ड्यात, निघ. तो म्हणाला, बॅटरीही संपलेली आहे, वाटेत बंद पडली तर काय करशील, स्कूटरवर नेऊन बदलून आणतो, येताना वायरमनलाही घेऊन येतो. पण त्याआधी आगारी टाकायची. आबांची पहिली अखाजी, पितर उपाशी ठेवून घरातून बाहेर पडायचं नाही, असं त्याचं म्हणणं.

आई तेव्हा हळूच म्हणाली, "त्याले बलावू नको."

"असं कसं आई," भूषण म्हणाला, "लोक काय म्हणतील."

घागर आईनेच भरली. भूषणने निखाऱ्यावर तूप सोडलं, घास टाकला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "आबा, जेवायला या." एरवी ताट कौलावर ठेवतात, कावळ्यासाठी. भूषण ताट घेऊन घुटमळला आणि शेवटी त्याने ते गाडीच्या बॉनेटवर नेऊन ठेवलं. मी म्हटलंसुद्धा, की बरोबर आहे, आपल्यापेक्षा गाडीवरच जीव जास्त होता, तिथेच येतील. मला त्या वेळी तो विनोद वाटला.

नंतर भूषणने बॅटरी सोडवली, बाहेर काढली आणि बॉनेट लावून ताट होतं तसं परत वर ठेवलं. गाडीचे दरवाजे लॉक करून किल्ली खिशात टाकली. ही त्याची सवय. बॅटरी पायांत ठेवून स्कूटरने गेला. हे मी मुद्दाम सांगते आहे. त्या गाडीत बॅटरी नव्हती. कमकुवत होती असं नाही, नव्हतीच.

गाडी कशी उभी होती तेही सांगते. आबा नेहमी गाडी उलटी आत घालायचे, म्हणजे तोंड गेटकडे, पाठ भिंतीकडे. भूषणही तशीच लावतो. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून अंगणाचा उतार गेटकडे काढलेला आहे. म्हणजे गाडी सुटलीच तर गेटकडे जाईल. भिंतीकडे चढ आहे. वर पत्र्याची शेड, त्यामुळे मागच्या बाजूला ऊन येत नाही. 'ऊन चमकलं असेल' असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं.

मी ओट्यावर फोन हातात घेऊन बसले होते. आई हात धुऊन गाडीच्या मागे गेली. आता तिने हिरवं लुगडं नेसलं होतं. होल्डरमध्ये वाकून बघितलं आणि दोन बोटं आत घातली. मी म्हटलं, आई, काच आहे, कापेल. ती म्हणाली, "माले दखू दे."

आणि ते बूड फिरलं. ज्याच्याशी भूषण सकाळपासून झुंजत होता ते तिच्या दोन बोटांत सहज फिरलं आणि हातात आलं. स्प्रेने इतक्या वेळात गंज सैल केला असेल, मान्य. तिने तळहातावर धरून मला दाखवलं. "निंघना," म्हणाली. माझ्या आईला इतकं खूश मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ओठ घट्ट दाबून ती हसत होती. जिंकली होती ती.

मग उजव्या बाजूचा दिवा लागला.

मी तो पाहिला. मी अंगणाच्या कडेला, तिरकी बसले होते, मला गाडीची मागची बाजू पूर्ण दिसत होती. लाल, पूर्ण, ब्रेक दाबल्यावर लागतो तसा. त्याचा लाल उजेड आईच्या हिरव्या लुगड्यावर पडला होता. आईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती सरळ उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना, शाळेतल्या पोरासारखी. आणि तिच्या त्या जुन्या आवाजात, मोठ्याने म्हणाली, "लागना."

मला ओरडायचं होतं, उठायचं होतं. जमलं नाही. मी सहा-सात वर्षांची होऊन ओट्यावर बसले होते, याहून नीट मला सांगता येत नाही.

दिवा गेला.

"विझना," आई म्हणाली.

तुम्ही गाडी चालवत असाल तर तुम्हाला कळलं असेल. मागचा दिवा विझतो म्हणजे कुणीतरी ब्रेकवरचा पाय काढलेला असतो.

गाडी जोरात आली नाही. हळू आली, चढावर, इंजिनाचा आवाज नाही, काही नाही. फक्त टायरखाली खडी चिरडल्याचा आवाज. आई हलली नाही. तिला वाटलं असेल की गुडघ्याला टेकेल आणि थांबेल, आयुष्यभर तसंच झालं होतं. या वेळी गाडी टेकली आणि थांबली नाही. आईला घेऊन भिंतीला लागली. हाड मोडल्याचा आवाज मी ओट्यावर ऐकला.

मग मी धावले. गाडीला दोन्ही हातांनी ढकललं, पाय घसरले, गाडी हलेना. मी किंचाळले तसे प्रकाशभाऊ आणि गल्लीतली माणसं आली. चार-पाच जणांनी जोर लावला, तरी हलेना. दरवाजे लॉक. शेवटी प्रकाशभाऊंनी दगडाने ड्रायव्हरच्या बाजूची काच फोडली, आत हात घालून दार उघडलं आणि जागच्या जागी थबकले. मग म्हणाले, "अहो ताई, हँडब्रेक ओढलेला आहे. गिअरही पडलेला आहे... पहिला." पहिला गिअर म्हणजे पुढचा. मागे यायचा नाही. त्यांनी दोन्ही सोडलं, तेव्हा गाडी निमूटपणे पुढे सरकली, अगदी एका हाताने ढकलावी तशी.

हे सगळं होईपर्यंत आई भिंतीला अडकलेली होती. ती ओरडली नाही. मी तिचं डोकं धरलं होतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. गाडीच्या मागच्या काचेतून आत, ड्रायव्हरच्या सीटच्या दिशेने बघत होती आणि काकुळतीला येऊन सांगत होती, "मी सांगं ना, लागना म्हणीसन. विझना बी सांगं. येळवर सांगं ना."

तिला वाटत होतं तिचं काहीतरी चुकलं.

बॉनेटवरचं ताट जागेवरच होतं. आमरसाची वाटी हिंदकळलीसुद्धा नव्हती.

जळगावला नेलं. खुब्याचं हाड आणि मांडीचं हाड, दोन्ही. डॉक्टर म्हणाले, या वयात हाडं ठिसूळ असतात, ऑपरेशन करू, पण चालणं पहिल्यासारखं नाही राहणार. ज्या दिवशी तिला ऑपरेशनला आत नेलं त्याच दिवशी नाना मामा गेला. मामाचा मुलगा फोनवर म्हणाला की शेवटपर्यंत त्याने खाट दाराकडे तोंड करून ठेवायला लावली होती, रस्ता दिसावा म्हणून. आईला आम्ही आठवड्याने सांगितलं. तिने विचारलं, "झोका सोडा का?" मी म्हटलं, हो, सोडला.

आता स्पष्टीकरणाचं. मी सोडून द्यायला तयार नव्हते. ओळखीचे दोन मेकॅनिक रावेरला नेले. एक म्हणाला, वायरिंगमध्ये कुठेतरी चार्ज राहिला असेल. दुसरा त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, बॅटरीशिवाय? गाडी चढावर कशी गेली हे विचारल्यावर दोघांनीही आपापली हत्यारं गोळा केली. भूषण म्हणतो, ताई, तुझा भास असेल, गाडी कशीतरी घसरली असेल. भास असेल तर तो मला आणि आईला एकदमच झाला. ही केस माझ्याच टेबलावर आली असती तर मी नामंजूर केली असती आणि क्लेम करणाऱ्या बाईकडे बघून गोड हसले असते. गाडी आम्ही भंगारात घातली. तुकडे होईपर्यंत मी तिथे उभी होते.

मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात. मी धरते. जिवंतपणी त्याने तिला एक दिवस माहेरी जाऊ दिलं नाही, आणि त्या एका दिवशीही...

आई आता माझ्याकडे धुळ्याला असते. वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाते, तेवढंच. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारची लाइट जाते. घरातले दिवे गेले, की पलंगावर पडल्या पडल्या, डोळे मिटलेले असले तरी, ती म्हणते, "विझना." आणि चांगला पाय पोटाशी ओढून घेते. दुसरा ओढता येत नाही. मी इन्व्हर्टर बसवला आहे, मोठा.

यंदाची अखाजी नुकतीच झाली. मी ठरवलं होतं, माझ्या घरात त्या माणसाची घागर भरायची नाही, ताट नाही, आगारी नाही. पितर उपाशी राहिला तर राहू दे. सकाळी आईला चहा द्यायला गेले तर ती आधीच उठून बसली होती. माझा हात धरून म्हणाली, "घागर बठ्ठी भर, माय. त्याले पानी कमी पडाले नको."

मी म्हटलं, आई, त्याच्यासाठी? अजून?

मग तिची नजर खिडकीतून खाली गेली. खाली पार्किंगमध्ये माझ्या नवऱ्याची गाडी उभी होती, भिंतीकडे पाठ करून.

मी अशा गोष्टी मानत नव्हते. काय झालं ते मला आजही सांगता येत नाही, कुणाला येत असेल तर जरूर सांगा. मी खाली गेले, नवीन घागर आणली, धुतली आणि काठोकाठ भरली.